राजाचे ताट आणि अग्नीची भट्टी

शास्त्रपाठ : निर्गम १:१५-२१, दानीएल १:८-१६, ३:१३-२८, ६:१०



उज्जैनच्या मराठी माणसाला शिप्रेची ओळख करून द्यावी लागत नाही. क्षिप्रा म्हणजे वेगाने जाणारी, असा त्या नावाचा अर्थ. पण बोलताना सारे शिप्राच म्हणतात. हेच नाव आपल्या पवित्र शास्त्रातही आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात दोन इब्री सुइणी भेटतात, शिप्रा व पुवा. नदीचे नाव संस्कृतातले आणि सुइणीचे इब्री भाषेतले. दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही, कानाला सारखी लागतात एवढेच. तरी मुलांना ही गोष्ट शिकवताना एवढे साम्यसुद्धा उपयोगी पडते.

फारोने ह्या सुइणींना हुकूम केला की, इब्री स्त्रीला मुलगा झाला तर तो जन्मताच मारून टाका. सुइणींनी तसे केले नाही. कारण शास्त्र एकच देते : त्या देवाचे भय बाळगीत होत्या. त्या वेळी दहा आज्ञा मिळालेल्या नव्हत्या, निवासमंडप नव्हता, याजक नव्हता, मोशेचा जन्मही व्हायचा होता. त्या स्त्रियांच्या हाती ना तलवार ना अधिकार. त्यांच्या हाती होते फक्त एक नवजात मूल, आणि त्याचा गळा दाबायचा की त्याला आईच्या कुशीत द्यायचे, एवढाच निर्णय. तो त्यांनी देवाचे भय धरून घेतला. आणखी एक गोष्ट पाहा. निर्गमाच्या त्या अध्यायात मिसरच्या त्या बलाढ्य राजाचे नाव कोठेही लिहिलेले नाही. केवळ ‘फारो’ ही पदवी आहे. दोघी सुइणींची नावे मात्र लिहून ठेवली आहेत. देवाच्या वहीत कोणाची नावे राहतात, हे ह्यावरून समजते.

छळात विश्वासू राहणे ह्या विषयावर बोलू लागलो की आपल्या डोळ्यांपुढे लगेच अग्नीची भट्टी आणि सिंहांची गुहा येते. ती येणे योग्यच आहे. परंतु दानीएलाचे पुस्तक भट्टीपासून सुरू होत नाही. ते राजाच्या जेवणाच्या ताटापासून सुरू होते. आज आपण प्रथम ताटाचा, मग भट्टीचा आणि शेवटी उघड्या खिडकीचा विचार करू.

१. काय घेतले आणि काय नाकारले

ख्रिस्तपूर्व ६०५ च्या सुमारास नबुखद्नेस्सराने यरुशलेमेवर हात टाकला आणि यहूदातील काही उमदे तरुण बाबेलास नेले. दानीएल, हनन्या, मीशाएल व अजऱ्या हे त्यांच्यापैकी होते. राजाने त्यांना तुरुंगात टाकले नाही. उलट, त्यांना राजवाड्यात ठेवले, खास्द्यांची भाषा व विद्या शिकवण्याची व्यवस्था केली, नवी नावे दिली आणि आपल्या पंक्तीचे पक्वान्न व द्राक्षारस नेमून दिला. हा छळ नव्हे, ही मेहेरबानी होती. पण तिचा हेतू उघड होता. तीन वर्षांत ह्या मुलांनी आपण कोण आहोत हे विसरावे आणि पुरते राजाचे व्हावे.

आता ह्या तरुणांनी काय केले ते नीट पाहा. त्यांनी बाबेलची भाषा शिकून घेतली. बाबेलची विद्या घेतली, आणि तीत ते सर्वांच्या पुढे गेले. नावे बदलली गेली, तीही त्यांनी सोसली. हनन्याला शद्रख म्हणून हाक आली तरी तो ओ देई. सरकारी चाकरी पत्करली व ती इतक्या सचोटीने केली की पुढे शत्रूंना दोष काढायला जागा सापडली नाही. पण एका ठिकाणी ते थांबले. राजाच्या अन्नाने आपण विटाळायचे नाही, असा दानीएलाने मनात निश्चय केला.

ह्यावरून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली ही की, विश्वासू राहणे म्हणजे प्रत्येक गोष्टीला नाही म्हणणे नव्हे. परक्याची भाषा, परक्याचा पोशाख, परक्याची विद्या ह्यांत पाप नाही. दुसरी ही की, कोठेतरी रेघ असते आणि ती आधीच आखून ठेवावी लागते. ताट पुढे आल्यावर विचार करू लागलो तर वास नाकात शिरलेला असतो. दानीएलाचा निश्चय ताटावर बसण्यापूर्वी झालेला होता.

त्याची रीतही शिकण्यासारखी आहे. त्याने ताट लाथाडले नाही, राजाला शिव्याशाप दिले नाहीत. अधिकाऱ्याकडे जाऊन त्याने नम्रपणे विनंती केली. तो अधिकारी घाबरला. राजाने मुलांचे चेहरे उतरलेले पाहिले तर माझे शिर जाईल, असे तो म्हणाला. तेव्हा दानीएलाने कारभाऱ्याला तोड सुचवली : दहा दिवस आम्हांला भाजीपाला व पाणी देऊन पाहा. दुसऱ्याच्या अडचणीचाही त्याने विचार केला. पुष्कळदा आपण विश्वासासाठी भांडतो तेव्हा विश्वासापेक्षा आपला ताठाच पुढे असतो. दानीएलाच्या ठायी निश्चय होता, ताठा नव्हता.

२. आपल्याच भाषेतील एक साक्ष

ह्या धड्याचे उदाहरण शोधायला बाबेलपर्यंत जाण्याचे कारण नाही. ते आपल्या मराठी मुलखात, कोकणच्या किनाऱ्यावर आहे. अलिबाग, पेण, रोहे, मुरुड ह्या भागातील बेने इस्राएल लोक हे मराठी बोलणारे यहूदी. त्यांची परंपरा अशी की, त्यांचे पूर्वज पॅलेस्टाईनमधील छळापासून, कित्येकांच्या मते अंतियोख एपिफानेस राजाच्या छळापासून, पळून निघाले. त्यांचे तारू अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावातच मूठमाती दिली. धर्मग्रंथ समुद्रात गेले. हायम सॅम्युएल केहिमकर ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि १९३७ साली छापल्या गेलेल्या इतिहासात ही परंपरा नोंदली आहे.

ग्रंथ नाहीत, याजक नाहीत, मंदिर नाही. सभोवार कोणी यहूदी नाही. अशा स्थितीत किती पिढ्या टिकाव धरील? पण त्यांनी धरला. त्यांनी भोवतालचे पुष्कळ घेतले. भाषा मराठी घेतली. बायका लुगडे नेसू लागल्या, लग्नात मंगळसूत्र आले. गावांवरून आडनावे झाली : केहिमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर. तेलाचे घाणे हा धंदा झाला. सणांनाही मराठी नावे पडली : नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. परंतु काही गोष्टी त्यांनी हातच्या जाऊ दिल्या नाहीत. आठव्या दिवशी मुलाची सुंता. खवले व पर असलेलीच मासळी खाणे. शनिवारी घाणा बंद. आणि अनुवादाच्या सहाव्या अध्यायातील ते एकच वचन, परमेश्वर एकच आहे ही कबुली. तिच्यातील पहिल्या इब्री शब्दावरून तिला ‘शेमा’ म्हणतात. जन्म असो, लग्न असो की मरण असो, तोंडी तेच शब्द.

शनिवारी घाणा बंद म्हणजे काय, हे हातावर पोट असणाऱ्याला विचारा. बाजाराचा दिवस शनिवारी आला तरी घाणा बंदच. गाववाल्यांनी त्यांना नावच दिले, ‘शनवार तेली’. हे नाव कोणी चेष्टेने म्हटले असेल, कोणी सहज म्हटले असेल. पण ह्या दोन शब्दांत एका लहान समाजाची शेकडो वर्षांची साक्ष साठवलेली आहे. पुढे कोचीनकडून आलेल्या डेव्हिड रहाबी नावाच्या यहूदी गृहस्थाने त्यांना ओळखले. त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि त्यांनी खवल्या-परांची तेवढीच उचलली, असे सांगतात. इब्री ग्रंथाचा एक शब्द ज्यांना वाचता येत नव्हता, त्यांच्या चुलीने त्यांची ओळख पटवली.

मुंबईतील त्यांचे पहिले सभास्थान १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनी बांधले. हे इंग्रजांच्या पलटणीत अधिकारी होते व टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात कैद झाले होते. जिवंत परतलो तर देवासाठी प्रार्थनेचे घर बांधीन असा त्यांनी नवस केला होता, अशी परंपरा आहे. सभास्थानाला नाव दिले ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार.

येथे आपल्या मिशनऱ्यांचाही संबंध येतो. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले. बेने इस्राएलांना आपले मूळ शास्त्र वाचता यावे म्हणून त्यांनी इब्री व्याकरण मराठीत लिहून १८३२ साली प्रसिद्ध केले. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले पुष्कळ शिकली. त्यांच्यापैकी बहुतेक ख्रिस्ती झाली नाहीत. त्यांनी ती विद्या घेतली आणि तिच्या साहाय्याने आपल्या वाडवडिलांचा धर्म अधिक जाणून घेतला. ह्याबद्दल आपण खंत करू नये. ज्यांच्या शास्त्रातून आपला तारणारा आला, त्यांचे शास्त्र त्यांच्या हाती परत देण्याचे काम आपल्या हातून घडले, ह्याबद्दल देवाचे आभार मानावेत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हिंदुस्थानात बेने इस्राएलांचा त्यांच्या धर्मासाठी छळ झाला नाही. युरोपात यहूदी लोकांवर जे भयंकर प्रसंग आले, तसे येथे आले नाहीत. आपल्या शेजाऱ्यांची ही थोरवी आहे आणि तिचा आपणांस अभिमान वाटावा. त्यांची परीक्षा निराळीच होती, विसरून जाण्याची. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुतेक कुटुंबे इस्राएलास गेली. तेथे काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांबाबत शंका काढली, तेव्हा आपल्याच लोकांपुढे त्यांना आपले यहूदीपण सिद्ध करावे लागले. १९६४ साली हा प्रश्न त्यांच्या बाजूने सुटला. भट्टी कधी परक्यांच्या हातची असते, तर कधी घरच्यांच्या हातची.

३. सोडवले नाही तरी

आता भट्टीकडे वळू. दूरा मैदानात साठ हात उंच सोन्याची मूर्ती उभी राहिली. वाद्ये वाजताच सर्वांनी दंडवत घालावा, न घालील त्याला अग्नीच्या भट्टीत टाकावे, असा हुकूम निघाला. सारे वाकले. तिघे उभे राहिले.

राजाने त्यांना आणखी एक संधी दिली आणि विचारले की, माझ्या हातून तुम्हांला सोडवील असा कोणता देव आहे? त्यांच्या उत्तराचे दोन भाग आहेत, आणि दुसरा भाग आपण नेहमी घाईने वाचून जातो. आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, हा पहिला भाग. आणि त्याने सोडवले नाही तरी तुझ्या मूर्तीला आम्ही नमन करणार नाही, हे तुला ठाऊक असो, हा दुसरा. पहिला भाग विश्वासाचा आहे. दुसरा प्रीतीचा आहे. देव काही देईल म्हणून त्याची सेवा करणे ही एक पायरी. तो देव आहे म्हणून सेवा करणे ही तिच्यावरची.

शास्त्र ह्या बाबतीत आपणांस फसवत नाही. दानीएल सिंहांच्या गुहेतून वाचला. पण यहोयाकीम राजाच्या काळी उरीया नावाचा संदेष्टा मिसरास पळून गेला, तेथून पकडून आणला गेला व तलवारीने मारला गेला. हे यिर्मयाच्या २६ व्या अध्यायात लिहिले आहे. त्याच अध्यायात यिर्मया वाचला. एकाच राजाचे राज्य, दोघांचा संदेश सारखा. एक वाचला, एक मेला. उरीयाचा विश्वास कमी पडला, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात सिंहांची तोंडे बंद करणारे आणि करवतीने चिरले गेलेले एकाच यादीत आहेत. आणि आपल्या प्रभूला तर वधस्तंभावरून उतरवण्यात आले नाही. म्हणून एखाद्या घरावर विश्वासामुळे संकट आले आणि ते दूर झाले नाही, तर त्या घराला आपण विचारू नये की तुमची प्रार्थना कोठे कमी पडली. त्यांच्याजवळ जाऊन बसावे. भट्टीत चौथा पुरुष दिसला. पण तो तिघांजवळ भट्टीच्या आत होता. बाहेर उभा राहून त्याने प्रश्न विचारले नाहीत.

आपल्या मराठी मंडळीलाही भट्टी ठाऊक आहे. १८४३ साली नारायण शेषाद्री ह्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावावरून कोर्टकज्जा झाला आणि तो मुलगा घरच्यांच्या ताब्यात गेला. धर्म बदलणाऱ्याचा वडिलार्जित मिळकतीवरील हक्क जाऊ नये म्हणून १८५० साली कायदा करावा लागला, ह्यावरूनच पूर्वी काय घडत होते ते कळते. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली. मधली वर्षे त्या घराने जे सोसले ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. टिळकांनी पत्नीवर जबरदस्ती केली नाही, वाट पाहिली. विश्वासू राहणाऱ्याने दुसऱ्याच्या अंतःकरणावर कसा अंमल करू नये, ह्याचेही ते उदाहरण आहे.

आणि ज्यांची नावे कोठेच छापली गेली नाहीत त्यांचे काय? तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात आणि त्याच्या आसपास खेडोपाडी जे गरीब लोक ख्रिस्ताकडे आले, त्यांच्यापाशी सोडायला मिळकत नव्हती, विद्वत्ता नव्हती. होते ते गावकीतले बलुते. ते बंद होणे म्हणजे चूल बंद होणे. शिप्रा व पुवा ह्यांची नावे ज्याने लिहून ठेवली, त्याने ह्यांचीही लिहिली आहेत.

४. ढोंगाचा प्रश्न

यहूद्यांच्या इतिहासातील एक प्रसंग आपल्या प्रॉटेस्टंट पवित्र शास्त्रात नाही, तो मक्काब्यांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. ख्रिस्तपूर्व १६७ च्या सुमारास अंतियोख एपिफानेसने यरुशलेमेचे मंदिर भ्रष्ट केले; सुंता, शब्बाथ, नियमशास्त्र ह्यांवर बंदी घातली. एलाजार नावाच्या नव्वद वर्षांच्या शास्त्र्याला डुकराचे मांस खाण्यास भाग पाडू लागले. त्याने नकार दिला. त्याच्या जुन्या ओळखीच्या अधिकाऱ्यांना त्याची दया आली. त्यांनी त्याला बाजूला घेऊन सुचवले की, तुला चालते तेच मांस तू घरून आण आणि राजाचेच खातो आहेस असे नुसते दाखव. एलाजाराने तेही मानले नाही. त्याचे म्हणणे असे की, हे ढोंग माझ्या वयाला शोभणार नाही. नव्वदाव्या वर्षी एलाजाराने धर्म सोडला असे तरुणांना वाटेल, आणि माझ्या चार दिवसांच्या आयुष्यासाठी ते फसतील. तो मेला, पण त्याने तरुणांसाठी एक कित्ता ठेवला.

बंधुभगिनींनो, आपला खरा प्रश्न येथे आहे. आज आपणांस कोणी भट्टीत टाकीत नाही. आपल्या संविधानाच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे व आचरण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. आपल्यापुढे येते ते एलाजारापुढचे आमिष : तुझे मन तुझ्यापाशी ठेव, फक्त कागदावर निराळे दाखव. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात त्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या ठेवल्या गेल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती झालेला दलित बाहेरच राहिला. त्यामुळे अनेक घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि मंडळीच्या वहीत दुसरा, असे झाले आहे. हे आपणां सर्वांना ठाऊक आहे आणि आपण त्यावर उघड बोलत नाही.

ह्या बाबतीत दोन वचने एकत्र धरली पाहिजेत. एका बाजूस एलाजार आहे. दुसऱ्या बाजूस २ राजे ५ व्या अध्यायातील नामान आहे. तो अरामी सेनापती कुष्ठातून बरा झाला, इस्राएलाच्या देवाला शरण आला आणि संकोचाने अलीशाला म्हणाला की, माझा धनी रिम्मोनाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावे लागते, एवढी क्षमा देवाने मला करावी. अलीशाने त्याला झिडकारले नाही. शांतीने जा, असे सांगून त्याला निरोप दिला. पण पाहा, नामानाने आपली गोष्ट लपवली नाही, संदेष्ट्यापुढे मांडली. ज्याच्या लेकराची फी त्या एका कागदावर अवलंबून आहे, त्याला भरल्या पोटी बसलेल्याने दोष देऊ नये. ज्याला त्या अन्यायाची झळ लागलेली नाही, त्याने आधी तो अन्याय दूर व्हावा म्हणून सनदशीर मार्गाने झटावे. आणि ज्याने कागदावर निराळे लिहिले आहे, त्याने निदान देवापुढे आणि आपल्या पाळकापुढे ते मांडावे, त्याची सवय होऊ देऊ नये. कारण कागद आज बापाने भरलेला असतो. उद्या मुलगा विचारतो, बाबा, आपण खरे कोण? त्या प्रश्नाला उत्तर तयार असले पाहिजे. आणि मंडळीचेही एक कर्तव्य आहे. अशा कुटुंबातील मुलांच्या शिक्षणाचा भार आपण उचलला असता, तर किती घरांपुढे हे आमिष उभेच राहिले नसते? विश्वासू राहा असे सांगणे सोपे. विश्वासू राहणाऱ्याच्या ताटात भाकरी वाढणे हे मंडळीचे काम आहे.

५. उघडी खिडकी

दानीएलाच्या सहाव्या अध्यायात तो तरुण राहिलेला नाही. बाबेल ख्रिस्तपूर्व ५३९ मध्ये पडले, म्हणजे पाडावाला सहासष्ट वर्षे झाली होती. दानीएलाने ऐंशीच्या आसपास मजल मारली असावी. तीस दिवस राजाखेरीज कोणाजवळ काही मागू नये, असा हुकूम निघाला. दानीएलाने काही नवे केले नाही. यरुशलेमेच्या दिशेच्या खिडक्या उघड्या होत्या तशाच ठेवल्या आणि नित्याप्रमाणे दिवसातून तीन वेळा गुडघे टेकले. त्याने खिडकी मुद्दाम उघडली नाही, की भिऊन लावूनही घेतली नाही. ‘नित्याप्रमाणे’ ह्या एका शब्दात त्याच्या बळाचे रहस्य आहे. तरुणपणी ताटाच्या वेळी जी सवय लागली, ती म्हातारपणी गुहेच्या वेळी उपयोगी पडली.

उघड्या खिडकीतून आतला माणूस दिसतो, तसे आतल्या माणसाला बाहेरचे शहरही दिसते. ज्यांनी पाडाव केले त्यांच्या नगराचे हित चिंता व त्यासाठी प्रार्थना करा, असे यिर्मयाने २९ व्या अध्यायात बाबेलातील बंदिवानांना कळवले होते. दानीएलाने नबुखद्नेस्सराला येणारी शिक्षा सांगितली तेव्हा त्याला आनंद झाला नाही. तो कासावीस झाला. मग आपले उज्जैन तर पाडावाचे नगर नव्हे; ते आपले घर आहे. शिंद्यांची राजधानी १८१० साली ग्वाल्हेरला गेली, तरी मराठी घरे येथे राहिली, आणि १८७७ पासून कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने माळव्यात केलेल्या कामातून ख्रिस्ती मंडळ्याही उभ्या राहिल्या. बारा वर्षांनी सिंहस्थ येतो; २०१६ साली झाला, पुढचा २०२८ साली आहे. लाखो माणसे शिप्रेकाठी येतील. त्यांच्या श्रद्धेची टिंगल आपल्या तोंडून निघू नये. तहानलेल्याला पाणी, चुकलेल्याला वाट आणि थकलेल्याला सावली द्यायला आपले हात तयार असावेत. त्यांच्या पूजेत आपण भाग घेणार नाही, हे दानीएलाप्रमाणे नम्रपणे आणि उघडपणे सांगता येते. जो आपल्या देवाशी एकनिष्ठ असतो, त्याला शेजाऱ्याचा द्वेष करण्याची गरज पडत नाही. द्वेष बहुधा त्यालाच लागतो ज्याचा स्वतःचा पाया डळमळीत आहे.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांस

शिक्षक बंधुभगिनींनो, दानीएलाची गोष्ट तुम्ही मुलांना सांगता तेव्हा सिंह आणि आग त्यांना फार आवडतात. पण तेवढ्यावर थांबू नका. मोठ्या वर्गाला विचारा : दानीएलाने काय काय स्वीकारले? कोठे नकार दिला? तुमच्या शाळेत, तुमच्या गल्लीत अशी रेघ कोठे आहे? मुलांना स्वतः उत्तर शोधू द्या. मित्राच्या घरी सणाला जाणे, पूजेत वाकणे, प्रसाद घेणे, वर्गणी देणे ह्या सर्वांचे एकच उत्तर नाही आणि सर्व घरांत एकमतही नाही. तरी विचार करायला शिकलेले मूल पुढे वाऱ्यावर उडून जात नाही.

लहानांना शिप्रा व पुवा ह्यांची गोष्ट सांगा. त्यांना कळू द्या की देवाचे भय धरण्यासाठी मोठे व्हावे लागत नाही, शूर दिसावे लागत नाही. परीक्षेत कॉपी पुढे सरकवली गेली असता ती परत करणारे मूलही राजाचे ताट नाकारतच असते.

आणि मुलांना एक वचन तोंडपाठ करायला द्या, असे की ते आयुष्यभर त्यांच्याबरोबर राहील. बेने इस्राएलांचे ग्रंथ समुद्रात बुडाले, एक वचन तोंडात राहिले, आणि त्या एका वचनाने एक समाज शेकडो वर्षे तारून नेला. आज आपल्या घरोघरी संपूर्ण शास्त्र मराठीत आहे. कपाटात आहे, मोबाईलवरही आहे. ते तोंडात आणि अंतःकरणात किती आहे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

ईजबेलीच्या काळी एलीयाला वाटले की आपण एकटेच उरलो. देवाने त्याला सांगितले की, बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत. एलीयाला त्यांच्यातला एकही ठाऊक नव्हता. तेव्हा आपल्या शाळेत, कचेरीत, चाळीत आपण एकटेच आहोत असे ज्याला वाटत असेल, त्याने धीर धरावा. देवाची मोजणी आपल्या मोजणीहून मोठी आहे.

हे प्रभू, ताट पुढे येईल तेव्हा आम्हांला शहाणपण दे. भट्टी पेटेल तेव्हा आम्हांजवळ राहा. आमच्या खिडक्या तुझ्याकडे आणि शेजाऱ्यांकडे उघड्या ठेव. आमच्यातील जे दुबळे आहेत त्यांना उभे कर, आणि जे उभे आहेत त्यांना नम्र ठेव. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.